दारू थांबते तेव्हा : मेंदूच्या ब्रेकचा इतिहास

मागच्या वेळी चेतापेशी पेटते कशी, ते आपण पाहिलं. आज तिला गप्प कोण करतं ते पाहू, आणि त्यासाठी आपल्याला दारूच्या वाटेनं जायचंय.

रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांत तो थरथरायला लागला, भिंतीवर किडे दिसायला लागले, अशी उदाहरणं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. 1813 मध्ये इंग्लंडच्या थॉमस सटन यांनी या अवस्थेला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिलं. पण ती दारूमुळे होते, कुपोषणामुळे की दारू थांबल्यामुळे? हा वाद शंभराहून अधिक वर्षं रेंगाळला.

1955 साली हॅरिस इस्बेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेत, केंटकीतल्या लेक्सिंग्टनला दहा जणांना आठवडेच्या आठवडे दारू पाजली. जेवण चांगलं, जीवनसत्त्वंही दिलेली. मग दारू एकदम बंद. सर्वांत जास्त दिवस प्यालेल्या सहाही जणांना कंप सुटला. काहींना झटके आले, काहींना भ्रम झाला. म्हणजे घात थांबण्यात होता. ही माणसं कैदी होती, हे मात्र सांगितलंच पाहिजे. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही. आणि पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवायची आपल्याकडची पद्धत? तोही जवळपास हाच प्रयोग, फक्त डॉक्टरांविना.

कारण सापडत होतं भलतीकडेच. 1950 मध्ये यूजीन रॉबर्ट्स यांना उंदराच्या मेंदूत ‘गाबा’ हे अमिनो आम्ल भरपूर आढळलं. त्याचं काम काय, कळेना. तिकडे अर्न्स्ट फ्लोरी मेंदूचा अर्क क्रेफिशच्या चेतापेशीवर टाकत होते (क्रेफिश म्हणजे शेवंडीचा गोड्या पाण्यातला चुलतभाऊ म्हणा) आणि पेशी गप्प बसायची. 1957 मध्ये उलगडलं, अर्कातलं ते द्रव्य गाबाच!

गाबा आपल्या रिसेप्टरला चिकटलं की क्लोराइडचं दार उघडतं, पेशी शांत होते. दारू या ब्रेकवर आणखी जोर देते. रोज तसं झालं की मेंदू ब्रेक ढिला करतो, उत्तेजनाची बाजू वाढवतो. दारू काढली, की उरतो ढिला ब्रेक आणि सुसाट गाडी.

लिब्रियम 1960 मध्ये बाजारात आलं. दारू सोडणाऱ्यांना डॉक्टर ते देऊ लागले, गुणही येई. अशी औषधं मेंदूत चिकटतात त्या जागा 1977 मध्ये दिसल्या. पुढे कळलं, त्या गाबाच्याच रिसेप्टरवर आहेत. त्या रिसेप्टरची जनुकं हाती लागायला 1987 उजाडलं. तिथून पुढच्या वेळी.