क्लासला कडी केव्हा लागली?

'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट' हे संगणकाच्या अभ्यासातील शब्द मूळचे नॉर्वेतले. ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणक केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६७ साली 'सिम्युला ६७' ही भाषा सिद्ध केली. क्लास म्हणजे नमुना. त्याबरहुकूम घडविलेले एकेक खाते म्हणजे ऑब्जेक्ट.

मात्र या घराला दारे होती, कड्या नव्हत्या. ऑब्जेक्टच्या नावापुढे टिंब देऊन आज्ञावलीचा बाहेरचा भागही आतली शिल्लक वाचू शके, बदलूही शके. मग चूक शोधायची कोठे? सारी आज्ञावलीच चाळावी लागे. (घरखर्चाच्या वहीला चार हात लागले की काय होते, हे पालकांना सांगायला नको!) सिम्युलात याला बंधने आली ती १९७० नंतरच्या दशकात.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला सिम्युला वापरली होती. १९७९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी भाषेला क्लासची जोड देताना त्यांनी 'पब्लिक' व 'प्रायव्हेट' हा भेद आणला. वारस क्लासपुरते खुले असणारे 'प्रोटेक्टेड' मागाहून आले. ही कडी अनवधानाच्या चुकीसाठी आहे, लबाडीसाठी नव्हे, असा खुलासा स्ट्राउस्ट्रुप यांनीच केला आहे. ठरवून आत शिरणाऱ्याला सी++ भाषेत आजही वाट सापडते.