सरकार नावाचं गिऱ्हाईक

सरकार म्हटलं की आपल्याला कर घेणारं सरकार आठवतं, परवाने देणारं सरकार आठवतं. पण सरकार हे देशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईकही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. पोस्टाच्या थैलीचं शिशाचं सील, दवाखान्यातलं बँडेजचं कापड, कचेरीतलं स्टीलचं कपाट, कुंपणाची काटेरी तार, झाडू, बादल्या, बुटांचं पॉलिश, हे सगळं कुणीतरी बनवतं आणि सरकार विकत घेतं. ते कुणाकडून घ्यावं, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. पैसे कधी द्यावेत, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं, त्यानंतर इथल्या सरकारला लागणाऱ्या मालाची मोठी खरेदी लंडनमधल्या इंडिया स्टोअर डिपार्टमेंटमार्फत होई. ऑर्डर तिकडच्या कारखान्यांना आणि पैसे इथल्या रयतेच्या करातून, असा तो व्यवहार. पहिल्या महायुद्धात जहाजांची ये-जा विस्कळीत झाली, तेव्हा त्याची झळ खुद्द सरकारलाही बसली. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (1916-18) खरेदीची व्यवस्था भारतात असावी असं सुचवलं आणि 1922 मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. खरेदी देशात आली खरी, पण टेंडर भरायचं तर बयाणा रक्कम हवी, अनामत हवी, मोठा माल पुरवायची ऐपत हवी. चार माणसं घेऊन लेथ चालवणाऱ्याला तो दरवाजा बंदच होता.

तो किलकिला झाला स्वातंत्र्यानंतर. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने आलेल्या परदेशी तज्ज्ञांच्या पथकाने आपल्या लघुउद्योगांची पाहणी केली आणि तिच्यातून फेब्रुवारी 1955 मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन झालं. अमेरिकेनेही लहान धंद्यांसाठी असं स्वतंत्र प्रशासन दोनच वर्षं आधी, 1953 मध्ये, उभारलं होतं. महामंडळाचं एक काम होतं छोट्या कारखानदाराला हप्त्यांवर यंत्रं देणं. दुसरं, सरकारी ऑर्डर त्याच्यापर्यंत पोचवणं.

महामंडळाकडे एकदा नाव नोंदवलं की टेंडर फॉर्म फुकट, बयाणा रक्कम माफ, ठरावीक मर्यादेपर्यंत अनामतही माफ. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दरातली सवलत. समजा, एखाद्या बड्या कारखान्याने लोखंडी खुर्चीचा दर शंभर रुपये लावला. छोट्या कारखानदाराला तो परवडत नाही. पत्रा तो टनाने नाही, किलोने घेतो. अशा वेळी त्याचा दर पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी ऑर्डर त्याला देता येई. शिवाय काही वस्तू सरकारने फक्त छोट्यांकडूनच घ्यायच्या, अशी यादी झाली. सुरुवातीला सांगितलेल्या वस्तू त्याच यादीतल्या. पुढे ती 358 वस्तूंवर स्थिरावली.

या यादीची दुसऱ्या एका यादीशी नेहमी गल्लत होते, म्हणून सांगून टाकतो. कोणता माल फक्त छोट्यांनीच बनवायचा, अशी वेगळी यादी 1967 मध्ये 47 वस्तूंनी सुरू झाली, आठशेच्या वर गेली आणि शेवटच्या 20 वस्तू एप्रिल 2015 मध्ये वगळल्यावर संपली. तिच्यावर वाद फार झाले. खरेदीची यादी त्या मानाने दुर्लक्षितच राहिली. महाराष्ट्रात 1962 मध्ये राज्याचं स्वतःचं लघुउद्योग विकास महामंडळ निघालं आणि राज्याच्या खात्यांना माल पुरवायची वाट त्यातून मिळाली.

हे सगळं चांगलंच होतं. पण या योजनांमध्ये पैसे किती दिवसांत मिळतील, हे कुठेच बांधून दिलेलं नव्हतं.

माल पोचतो, मग तपासणी होते. चलनावर सही लागते. बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं आणि शेवटी कळतं की या वर्षीचं अनुदान संपलं, आता मार्चनंतर बघू. इकडे कारखानदाराचं काय होतं? बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चढतंच. कामगारांचा पगार थांबवता येत नाही. पत्रा देणारा दारात उभा असतो. विकलेल्या मालावरचा करही भरावा लागतो, मग पैसे येवोत न येवोत. म्हणजे छोटा माणूस सरकारला माल विकतो एवढंच नाही, तर बँकेकडून कर्ज काढून सरकारला बिनव्याजी वापरायला देतो.

ही गोष्ट कायद्याच्या भाषेत यायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. ऑगस्ट 1991 च्या लघुउद्योग धोरणात बिलं वेळेवर चुकती व्हावीत यासाठी कायद्याचं आश्वासन होतं. सप्टेंबर 1992 मध्ये वटहुकूम निघाला, 1993 मध्ये कायदा झाला. विलंब झाला तर खरेदीदाराने चढं व्याज द्यायचं, खरेदीदार सरकारी मंडळ असलं तरी. मग भांडण कशावर? करार कायद्यापूर्वीचा आणि माल कायद्यानंतर पोचलेला, तर व्याज लागू की नाही, यावर. आसामच्या वीज मंडळाला तारा आणि मनोरे पुरवणाऱ्यांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे निकाली निघाला तो 2019 मध्ये. महत्त्व माल पुरवल्याच्या तारखेला, असा निर्णय झाला. 1992 मधल्या ऑर्डरींचं हे प्रकरण!

दरम्यान 2006 मध्ये नवा कायदा आला. पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचं तर खरेदीदाराने आधी पंच्याहत्तर टक्के रक्कम भरायची. इतका कडक कायदा क्वचितच सापडेल. याच कायद्याखाली 2012 मध्ये खरेदीचं धोरण आलं. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वीस टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची. 2018 मध्ये ते प्रमाण पंचवीस टक्के झालं, त्यात तीन टक्के महिला उद्योजकांसाठी. मात्र पूर्वीची दरातली सवलत बदलली. आता पंधरा टक्क्यांच्या आत असलेल्याला संधी मिळते, पण सर्वांत कमी दराइतका खाली उतरला तरच. लंडनच्या खात्यापर्यंत पूर्वपीठिका सांगणारं केंद्रीय पुरवठा खातं ऑक्टोबर 2017 मध्ये बंद झालं आणि खरेदी संगणकावरच्या बाजारात गेली.

मग कडक कायद्याचा उपयोग किती होतो? तक्रार करायची तर ती आपल्या गिऱ्हाइकाविरुद्ध, आणि पुढच्या वर्षीचं टेंडर त्याच्याच हातात. अनेक कारखानदारांच्या बाबतीत तर ते एकमेव गिऱ्हाईक. व्याज मागण्याऐवजी मुद्दल लवकर सोडा म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर बसणं, हाच मार्ग त्याला सुरक्षित वाटतो.

2023 च्या वित्त कायद्याने आणखी एक उपाय केला. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. खासगी कंपन्यांच्या हिशेबनिसांची त्यामुळे चांगलीच धावपळ उडाली. सरकारी खात्यांची उडाली नाही. सरकारी खातं प्राप्तिकर भरत नाही.