इटलीची रीत आणि आपले अंगण



इटालियन भाषा आपल्या खेड्यातल्या शाळेत कुणी शिकवीत नाही. पण मुलांना शिकविण्याची एक रीत इटलीहून निघाली आणि आपल्या बालवाड्यांपर्यंत येऊन पोचली. तिची ही हकिगत.

१९०७ साली रोम शहरात, सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. आईबाप कामाला जात, मुले मोकाट हिंडत. बाईंनी त्यांच्या हाती साधने दिली. खडबडीत कागदाचे अक्षर मूल बोटाने गिरवी आणि तोंडाने त्याचा उच्चार करी. इटालियनमध्ये बहुधा जसा उच्चार तसे लेखन. आपल्या नागरीचेही तसेच. म्हणून ही युक्ती मराठीला मानवते. एक अडचण मात्र खास आपली. 'कि' म्हणताना 'क' आधी, पण लिहिताना वेलांटी आधी! तेवढे गुरुजींनी सांभाळावे.

१९३९ मध्ये बाई मद्रासला अड्यार येथे आल्या. त्या इटालियनमध्ये बोलत आणि पुत्र मारिओ इंग्रजीत सांगत. पण त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही रीत देशी भाषेत उतरवली होती. १९२६ मध्ये त्यांचा नूतन बालशिक्षण संघ निघाला.

पण महागडी साधने खेड्याला परवडणार कशी? १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बिया, पाने, शिंपले, खडे हीच तिथे साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेले. तिथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरली. पुढे १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

आता आपल्या भवानीनगरकडे पाहा. गळीत हंगाम आला, की बीडकडच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात. आईबाप ऊस तोडीत असतात, आणि सहा-सात वर्षांची पोर धाकट्याला सांभाळीत फडाच्या बांधावर बसते. सान लोरेन्झोच्या मुलांची गत याहून काय निराळी होती? तिला उसाच्या कांड्या मोजता येतील, मातीत अक्षर गिरवता येईल. मात्र ती शाळेपर्यंत येईल, ही वाट पाहून चालणार नाही. हंगाम सहा महिन्यांचा, आणि तेवढ्यात तिचे वर्ष बुडते. कुरणात शाळा भरली, तर फडाच्या बांधावर का भरू नये, बरे?