एका ढालकिड्याची तीन नावे

पावसाळा सरता सरता मुलांना घेऊन आपण शेताच्या बांधावर गेलो, की मावा पडलेल्या झाडांवर ढालकिडे, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरे, हमखास दिसतात. मुले लगेच त्यांच्या पाठीवरचे ठिपके मोजू लागतात. कार्ल लिनियसनेही १७५८ साली असेच केले होते. त्याने हे सारे किडे कॉक्सिनेला या एकाच वंशात घातले आणि पुष्कळांना ठिपक्यांवरून नावे दिली : दोन ठिपक्यांचा, पाच ठिपक्यांचा, सात ठिपक्यांचा.

पण ठिपके फसवतात. ‘दोन ठिपक्यांचा’ म्हणून नाव मिळालेल्या जातीतच काळ्या पाठीवर चार किंवा सहा लाल डाग असलेले किडेही निघतात. म्हणजे एका जातीत अनेक वेष असू शकतात. तेव्हा नात्याची खूण दुसरीकडे शोधायला हवी होती.

ती शोधणाऱ्यांपैकी एक होता फ्रान्समधील ल्यों शहराचा एत्येन म्युल्सां. त्याने पायांचे सांधे आणि तोंडाजवळचे कुऱ्हाडीच्या आकाराचे अवयव बारकाईने पाहिले. १८४६ साली त्याने युरोपातील एका ढालकिड्यासाठी ‘नोव्हियस’ हा वंश केला. १८५० च्या मोठ्या ग्रंथात त्याने ‘रोडोलिया’ आणि ‘व्हेडालिया’ हे आणखी दोन वंश मांडले. ऑस्ट्रेलियातील एका लहानशा लाल-काळ्या किड्याला त्याने नाव दिले : व्हेडालिया कार्डिनालिस. टाचणीला टोचलेल्या या किड्याकडून पुढे कोणते काम होणार आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

१८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील संत्री-लिंबांच्या बागा पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या एका खवले किडीने वाळू लागल्या. आयसेरिया पर्चासी हे तिचे नाव. ती मूळची ऑस्ट्रेलियाची असावी, असे चार्ल्स रायली या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने ठरवले. मग तिचे शत्रूही तिथेच असणार! १८८८ साली आल्बर्ट कोबेल याला तिकडे पाठवण्यात आले. तेथून व्हेडालियाचे किडे बोटीने आले. पहिल्या काही खेपांत मिळून ते अवघे १२९ होते. लॉस एंजेलिसजवळ एका झाडावर तंबूसारखे कापड टाकून त्यात ते सोडले. १८८९ सालीच बागा सावरू लागल्या.

या यशाने लोक हुरळून गेले. ‘ढालकिडा आणा, कीड जाईल’ असा समज झाला. त्यानंतर कोबेलने आणखी अनेक जाती पाठवल्या, पण त्यांतल्या मोजक्याच तिथे रुजल्या. असे का झाले? ढालकिडा म्हणजे एकच प्राणी नव्हे. या कुलात सुमारे ६,००० जाती आहेत. कोणी मावा खातो, कोणी खवले कीड, कोणी बुरशी, तर काही चक्क वांग्याची पाने खातात. व्हेडालिया आणि तिचे जवळचे नातलग मात्र मुख्यतः आयसेरिया व तिच्या भाईबंदांवरच जगतात. म्हणून नाते ओळखणे म्हणजे निम्मा आहार ओळखणे.

भारतातही याचा प्रत्यय आला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस निलगिरीत वॅटलच्या झाडांवर हीच कीड दिसली आणि हाच किडा बाहेरून आणून सोडण्यात आला. आपल्याकडे या वंशाच्या देशी जातीही आहेत. ए. पी. कपूर यांनी १९४९ साली रोडोलियाच्या भारतीय जातींचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

तोवर नाव बदलले होते, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. व्हेडालिया हा वेगळा वंश नाही, असे ठरून ती रोडोलियात मिसळली होती. बागायतदारांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. पुढे २०२० साली ऑस्ट्रेलिया, चीन, ब्रिटन आणि अमेरिकेतील अभ्यासकांनी दाखवले, की रोडोलिया आणि अमेरिकेतील ‘अनोव्हिया’ (१९०८) हे दोन्ही वंश नोव्हियसपासून वेगळे ठेवता येत नाहीत. मग तिघांचे मिळून नाव कोणते? नियम असा, की आधी दिलेले नाव टिकते. १८४६ हे साल १८५० च्या आधीचे. म्हणून आज आपला किडा आहे नोव्हियस कार्डिनालिस.

विद्यार्थी विचारतात, “शास्त्रज्ञांना एक नाव नीट ठेवता येत नाही का?” आपण त्यांना दाखवावे, की ‘कार्डिनालिस’ हा शब्द १८५० पासून जागचा हललेला नाही. बदलला तो पहिला शब्द, म्हणजे जणू आडनाव. आणि आडनाव नाते सांगते. नात्याची समज वाढली, म्हणून आडनाव बदलले.

पुढच्या फेरीत मुलांना ठिपके जरूर मोजू द्यावेत. नंतर एकच प्रश्न विचारावा : हा किडा या पानावर काय खातो आहे?