दिनविशेष, 14 मे : खडकी वसवणारा हबशी वजीर

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर 1626 मध्ये निवर्तला. 14 मे हा त्याचा स्मृतिदिन मानला जातो.

इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि मोखा, बगदाद अशी वाट तुडवत अहमदनगरला पोहोचला. पुढे मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले आणि 1610 मध्ये खडकी गावी नवे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही तिथल्या पुऱ्यांची नावे मराठा सरदारांवरून पडली. परदेशातून आलेल्या वजिराने स्थानिकांना किती जवळ केले होते, हे त्यावरून कळते.

शहरातल्या जामा मशिदीच्या दर्शनी भागात नऊ टोकदार कमानी आहेत. त्यांतल्या पाच अंबरच्या, चार औरंगजेबाने नंतर जोडलेल्या. शहर वसवणारा आणि पुढे त्याला स्वतःचे नाव देणारा, दोघांचेही बांधकाम तिथे शेजारी-शेजारी दिसते. लोकांच्या तोंडी मात्र दुसऱ्याचेच नाव राहिले, हा अंबरवर अन्यायच.

मोगलांवरील विजयाची खूण असलेला भडकल दरवाजा त्याचाच. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरीही त्याचीच.