तीन शहरांची एक बाग

इसवी सन 1700. मार्च महिन्यात छत्रपती राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं, आणि त्याच वर्षी जपानातल्या ओकायामा शहरात तिथला दाइम्यो, म्हणजे प्रांताधिपती, इकेदा त्सुनामासा याची बाग पुरी झाली. शाळेत इतिहास शिकवताना या दोन घटना मी कधी एका फळ्यावर लिहिल्या नाहीत, तसं कारणही नव्हतं. आज मात्र सिंहगडाच्याच रस्त्यावर, दहा एकरांत, त्या बागेची धाकटी बहीण नांदते आहे. पु. ल. देशपांडे उद्यान. मी रोज तिथे फिरायला जाते.

मूळ बागेचं नाव कोराकुएन. काम सुरू झालं 1687 मध्ये, तिथल्या किल्ल्याच्या मागे, असाही नावाच्या नदीच्या बेटावर. क्षेत्र सुमारे तेरा हेक्टर. नदीचं पाणी वरच्या अंगाने पाट काढून आत आणलं, ते तळ्यांतून, ओहोळांतून खेळवलं. शोभेच्या झाडांबरोबर तिथे भातखाचरं आहेत, चहाचा मळा आहे. राजाच्या बागेत शेती असावी ही गोष्ट मला फार आवडते. एक दुमजली मंडप आहे, र्‍युतेन नावाचा. त्याच्या तळमजल्याला भिंतीच नाहीत. मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि त्यात सहा रंगीत दगड मांडले आहेत. पाहुण्याने काठावर बसावं, पाण्याकडे बघावं, बस्स. 1884 मध्ये ही बाग सर्वांसाठी खुली झाली. 1934 च्या पुराने तिची धूळधाण केली आणि 29 जून 1945 च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात शहराबरोबर तीही होरपळली. शेजारचा काळा किल्ला जळून गेला. पुढे बाग पुन्हा उभी केली ती एदो काळातली जुनी चित्रं समोर ठेवून.

आता दुसरं शहर. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. संगणकाच्या आधी तो सगळा मुलूख फळबागांचा होता, आणि त्या बागांत राबणाऱ्यांत जपानी माणसं पुष्कळ. 1913 च्या कायद्याने त्यांना जमीन विकत घेण्याची बंदी होती. 1942 मध्ये, युद्ध पेटल्यावर, त्यांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. सॅन होजेतल्या कित्येकांची रवानगी वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत झाली. त्यांत नॉर्मन मिनेटा नावाचा दहा वर्षांचा मुलगाही होता. हाच मुलगा 1971 मध्ये सॅन होजेचा महापौर म्हणून निवडून आला.

छावणी आणि महापौरपद यांच्या मधल्या वर्षांत भगिनी शहरांची, म्हणजे दोन देशांतल्या शहरांनी मैत्रीचा करार करण्याची, कल्पना आकाराला आली, म्हणून मला ती कल्पना नुसत्या सत्कार-समारंभांची वाटत नाही. अमेरिकेतलं सेंट पॉल आणि जपानचं नागासाकी यांनी 7 डिसेंबर 1955 ला हात मिळवले. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची ती तारीख! 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी या चळवळीला सरकारी बळ दिलं. सरकारं तह करतातच, पण माणसांनी माणसांच्या घरी जायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. 1957 मध्ये सॅन होजे आणि ओकायामा भगिनी शहरं झाली. ज्या देशाच्या विमानांनी ओकायामा जाळलं त्याच देशातलं शहर, आणि ज्या शहरातून जपानी कुटुंबं उचलून नेली तेच शहर. बाँबहल्ल्याला जेमतेम बारा वर्षं उलटली होती. 1965 मध्ये सॅन होजेच्या केली पार्कमध्ये कोराकुएनच्या धर्तीवर मैत्री-उद्यान उघडलं आणि पुढे तिथल्या तळ्यात ओकायामाहून आलेले कोई मासे सोडले.

मुलाकडे गेले असताना मी ते पाहिलं. पुलावरून खाली वाकले आणि वाटलं, हे वळण आपल्या ओळखीचं आहे. 2017 च्या फेब्रुवारीत कायोटी खाडीला पूर आला तेव्हा त्या बागेत पाणी शिरलं होतं. थोरल्या बहिणीनंतर मधलीही पुरात सापडली.

पुणे आणि सॅन होजे भगिनी शहरं झाली 1992 मध्ये. त्यामागचं कारण उघड आहे: आपली मुलं तिकडे नोकरीला जाऊ लागली होती. ओकायामाशी पुण्याचं नातं वेगळ्या वाटेने जुळलं. जपानी शिकणाऱ्यांचं पुणे हे देशातलं मोठं केंद्र आहे, आणि त्या मैत्रीतूनच या शतकाच्या पहिल्या दशकात सिंहगड रस्त्यावरची बाग झाली. नाव पुलंचं द्यावं असं ठरलं, ते मला सार्थ वाटतं. 'पूर्वरंग'मध्ये त्यांनी जपानचा प्रवास लिहिलाच आहे.

कोराकुएनची एक युक्ती पुण्यातही साधली आहे. बागेबाहेरचं दृश्य बागेत धरून घ्यायचं. तिकडे झाडांच्या शेंड्यांवर पुन्हा बांधलेला किल्ला दिसतो, इकडे पर्वती. पुणेकराला यापेक्षा मोठं काय हवं? नानासाहेब पेशव्यांची पर्वती जपानी तळ्याच्या काठावरून पाहायची.

शहराशहरांतले करार होतात, सह्या होतात, फोटो निघतात, आणि नंतर कित्येक करारांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज हजारो माणसं जातात. पुण्याशी मैत्री जोडलेल्या जर्मनीतल्या ब्रेमेनचे, तिथल्या लोककथेतले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा चौकात का उभे आहेत, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? बागेचं तसं होत नाही, कारण ती रोज काम मागते. आमच्या उद्यानात उतारावर डोंगरांसारखी गोल छाटलेली झुडपं आहेत. एक माळीबुवा त्यांच्याभोवती उकिडवे बसून फिरतात, दर दोन-चार कापांनंतर मागे सरून डोळे बारीक करून बघतात. "ताई, पावसाळ्यात पंधरा दिवस हात लावला नाही ना, तर डोंगर बसतो आणि रान उठतं," ते मला म्हणाले. ओकायामाचं हवामान निराळं, तिथल्या झाडांच्या जागी इथे तग धरणारी झाडं लावावी लागतात, आणि आकार मात्र तोच राखावा लागतो. हे ज्ञान कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

म्हणून मी महापालिकेला पत्र लिहिलं आहे. पुढचं शिष्टमंडळ ओकायामाला किंवा सॅन होजेला निघेल तेव्हा त्यात दोन माळी असावेत, आणि तिकडच्या माळ्यांना इथे श्रावणात बोलवावं, म्हणजे वाढ किती झपाट्याने होते ते त्यांना कळेल. उत्तर अजून आलेलं नाही. दिवाळीनंतर मी पुन्हा लिहिणार आहे.