वाई ते महाड : एका दिवसाचा रस्ता

वाईहून सकाळी लवकर निघावे. पसरणीचा घाट चढून पाचगणी, मग महाबळेश्वर. तिथून आंबेनळीच्या घाटाने उतरत प्रतापगड, पोलादपूर आणि दिवेलागणीला महाड. अंतर शंभर किलोमीटरच्या आत. एका दिवसाचा हा रस्ता पुरा करायला मला मात्र चाळीस वर्षे लागली.

सातवीत असताना शाळेची सहल प्रतापगडाला गेली होती. लाल एस.टी. वळणावळणाने चाललेली, आम्ही पोरे खिडकीतून दरीत डोकावतोय. गड पाहून झाल्यावर पायथ्याशी डबे उघडले. तेव्हा वर्गातल्या एका दोस्ताने विचारले, ‘‘तू कुणाकडून रे? महाराजांकडून की खानाकडून?’’ त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. कबड्डीत विचारावे तसे विचारले त्याने. पण मला उत्तर सुचले नाही. तोंडातला घास तोंडात राहिला.

आता माझी धाकटी लेक सातवीत आहे. तिला हा प्रश्न कोणी विचारायच्या आत तिला घेऊन त्या रस्त्याने जायचे ठरवले. गाडी भाच्याची, चालवायलाही तोच.

आधी वाईजवळच्या मेणवलीला गेलो. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. घाटावरच्या छोट्या देवळात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर सन १७०७ आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. आली लढाईतून, पण पुढे घाटावरची होऊन गेली. लेकीने बराच वेळ त्या मूर्तीवरून बोट फिरवले.

पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. घाट चढताना खाली कृष्णेचे खोरे उघडत जाते. कोवळ्या उन्हात शेतांचे तुकडे गोधडीसारखे दिसतात. वर महाबळेश्वरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. सह्याद्रीच्या या माथ्यावर पडलेले पाणी काही पूर्वेला जाते, काही पश्चिमेला. डोंगर ते कुणाचे म्हणून विचारीत नाही.

गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८-२९च्या सुमारास इथे इंग्रजांसाठी थंड हवेचे ठाणे वसवले. त्यासाठी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेतली. ते ठाणे उभे राहिले त्यात एका वेगळ्याच जमातीचे हात होते. १८३४च्या सुमारास इथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग निघाला. तो १८६४ पर्यंत होता. या कैद्यांनी इथले रस्ते केले, बटाटे आणि विलायती भाज्या लावल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. मायदेशापासून हजारो कोस दूर, पायाखाली परकी माती आणि हातात कुदळ. त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. बाजारात वेताची टोपली घेताना मला त्यांची आठवण झाली.

महाबळेश्वर सोडले की रान दाट होते. हे जावळीचे खोरे. १६५६ साली महाराजांनी ते चंद्रराव मोऱ्यांकडून जिंकले आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला. अफझलखान वाईचा सुभेदार. त्याचा तळ वाईला होता. त्याची फौज आणि हत्ती-घोडे मोकळ्या मैदानातून या अरुंद वाटांत आणले, तिथेच अर्धी लढाई जिंकली गेली होती. फौज उतरली त्या घाटाला लोक रडतोंडीचा घाट म्हणतात. नावातच सगळे आले. १० नोव्हेंबर १६५९ला काय झाले ते प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे.

पण त्या दिवशी कोण कुणाकडे होते? कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त महाराजांच्या दहा अंगरक्षकांची नावे आली आहेत. जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक यांच्या जोडीला त्यात सिद्दी इब्राहिम आहे. जिवावरच्या प्रसंगी ज्यांच्यावर पाठ टाकायची, अशा दहांतला एक. आणि खानाकडे? त्याचा वकील कृष्णाजी भास्कर. फौजेत मंबाजी भोसले, खुद्द महाराजांच्या भाऊबंदांतला. माणसे चाकरीने, वतनाने आणि निष्ठेने बाजू निवडत होती. खानाचे दफन महाराजांनी रीतीप्रमाणे करवले, असे परंपरा सांगते. वैर मरणाशी संपवण्याचीही एक रीत या मातीत होती.

गडाच्या पायऱ्यांवर बसून लेकीने ती दहा नावे वहीत लिहून घेतली.

ऊन कलताना घाट उतरलो. पोलादपूरला सावित्री भेटली आणि तिच्या सोबतीने महाड गाठले. चवदार तळ्यावर दिवे लागले होते. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी. मी लेकीला ते सांगितले. तिने सकाळच्याच पानावर अकरावे नाव लिहिले.

मग म्हणाली, ‘‘अब्बा, तुमच्या त्या दोस्ताला हे कुणी सांगितलं नव्हतं?’’

‘‘नाही बेटा. मलाही नव्हतं सांगितलं.’’

हिवाळ्यात शाळांच्या सहली निघतील, प्रतापगडाच्या पायथ्याशी डबे उघडतील. बरोबर आलेल्या गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती : डबे उघडण्याआधी ती दहाही नावे मोठ्याने वाचा. त्यातले एक नाव ऐकून एखाद्या पोराचा घास सुखाने गळ्याखाली उतरेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)